जपानी टोयोटा मार्क एक्स दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते: करंट कोण खातंय ते कसं शोधायचं

लक्षण असं. सोमवार ते शुक्रवार गाडी रोज सकाळी एका दमात सुरू होते. शनिवार-रविवार घरासमोर उभी राहिली की सोमवारी बटण दाबल्यावर डॅशवरचे दिवे मिणमिणतात, कुठेतरी रिले टकटक करतो आणि इंजिन फिरत नाही. जम्पर केबल लावली की लगेच सुरू. गॅरेजवाला बॅटरी बदलून देतो, काही दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच.

इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला काय नि हॅमिल्टनला काय, जपानहून आलेली वापरलेली सेडान घेतलेल्या मराठी मंडळींकडून ही तक्रार सारखी कानावर येते, आणि जवळजवळ प्रत्येकाने एक तरी बॅटरी उगाच बदललेली असते. म्हणून सविस्तर लिहितोय. माझी गाडी दुसऱ्या पिढीची टोयोटा मार्क एक्स आहे, जीआरएक्स१३०, अडीच लिटरची व्ही६. तुमची क्राउन असो, स्कायलाइन असो, लेगसी बी४ किंवा अटेन्झा असो, शोधायची रीत तीच. मोजल्याशिवाय बॅटरी बदलू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. मोजायला एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजणारं यंत्र) आणि सुट्टीची एक सकाळ पुरते.

पुण्या-मुंबईत शोरूममधून गाडी घेतली की तिच्यात काय बसवलंय हे आपल्याला माहीत असतं. इथल्या इम्पोर्टचं तसं नाही. ही गाडी जपानमध्ये कुणीतरी पाच-दहा वर्षं हौसेने वापरलेली असते. त्याने टोलचं ईटीसी युनिट बसवलेलं असतं, ड्राइव्ह रेकॉर्डर बसवलेला असतो, थंड भागातली गाडी असेल तर रिमोटने इंजिन चालू करणारं यंत्रही असतं. मग गाडी लिलावातून सुटते, जहाजात चढते, इथे उतरते. विक्रेता एफएमसाठी बँड एक्स्पांडर घालतो. त्यानंतर आपण डॅशकॅम आणि अँड्रॉइडचा पडदा बसवून घेतो. म्हणजे तीन वेगवेगळ्या हातांनी त्याच वायरिंगला चिमटे लावलेले असतात आणि आधीच्याने काय केलं हे नंतरच्याला ठाऊक नसतं. कारखान्यातून निघालेलं वायरिंग सहसा निर्दोष असतं. दोष नंतरच्या जोडण्यांत निघतो.

आधी थोडं गणित करू, कारण सोमवारचंच नाटक का होतं ते त्यातून उलगडतं. बंद गाडीसुद्धा थोडा करंट घेते: घड्याळ, स्मार्ट कीचा रिसीव्हर, कॉम्प्युटरची मेमरी. हे सगळं मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. दिवसाला १.२ अँपिअर-अवर (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर) गेले, तर चांगली बॅटरी दोन-तीन आठवडे सहज टिकते. आता समजा काहीतरी ४०० मिलिअँपिअर खातंय. दिवसाला ९.६ अँपिअर-अवर गेले. ५५डी२३एल ही या गाडीत चालणारी बॅटरी नवी असताना सुमारे ४८ अँपिअर-अवरची असते. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ म्हणजे अडीच दिवस, अर्धी बॅटरी रिकामी. आधीच थकलेली असेल तर संपलीच. मधल्या दिवसांत ऑफिसला जाता-येता अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, थोडं थोडं भरून काढतो, म्हणून गाडी सुरू होते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात बॅटरी कायम अर्धपोटी असते. अर्धपोटी राहिलेल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची क्षमता कायमची घटते. नवी बॅटरीसुद्धा वर्षभरात कामातून जाते ती अशी.

पहिलं काम म्हणजे सध्याच्या बॅटरीत दम आहे का ते बघणं. ती चार्जरला लावून रात्रभर पूर्ण भरा. जम्पर लावून वीस मिनिटं गाडी फिरवली म्हणजे बॅटरी भरली असं अजिबात नाही. भरल्यावर काही तास तशीच ठेवा, मग व्होल्टेज बघा. १२.६ किंवा थोडं वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. रात्रभर चार्ज करून, तारा सुट्या ठेवूनसुद्धा (त्या काढण्याआधी खालची नेव्हिगेशनची सूचना वाचा) ती १२.४ वर येऊन बसत असेल तर बॅटरी खरंच गेली आहे. ती बदला, आणि तरीही पुढचं वाचा. इम्पोर्ट गाडीची मूळ बॅटरी अशी निघण्याचं प्रमाण बरंच आहे, कारण लिलावाच्या यार्डापासून इथल्या यार्डापर्यंत ती आठवडेच्या आठवडे चार्ज न होता पडून असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये स्टिंक बग नावाचा किडा सापडला म्हणून जपानहून गाड्या घेऊन आलेली जहाजं न्यूझीलंडने माल न उतरवताच परत पाठवली होती. अशा उशिरात बॅटरीकडे कोण बघणार?

इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. काही गाड्यांत किती चार्ज करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, तेव्हा बॅटरी भरलेली असताना आकडा थोडा खाली दिसतो. हेडलाइट आणि मागच्या काचेचा डिमिस्टर लावून पुन्हा बघा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा आणि क्लॅम्प घट्ट करा. हाताने हलणारा क्लॅम्प हेही गाडी सुरू न होण्याचं एक साधं कारण आहे.

मायनसची तार काढण्याआधी हे वाचा

टोयोटाच्या बऱ्याच जपानी नेव्हिगेशन युनिटना चोरीविरोधी कुलूप असतं. बॅटरीचा पुरवठा तुटला की पडद्यावर पासवर्ड मागितला जातो आणि तो नसेल तर रेडिओ, ब्लूटूथ सगळं बंद. पासवर्ड ठेवला होता जपानमधल्या आधीच्या मालकाने. तो आता तुम्हाला कुठून मिळणार? मग पडद्यावर दिसणारा ईआरसी क्रमांक देऊन कुणाकडून तरी कोड मिळवत बसावं लागतं. काही युनिटांत नकाशाचं एसडी कार्ड बाहेर काढलं तरी हेच होतं. न्यूझीलंडमध्ये जपानचा नकाशा काय कामाचा म्हणून लोक ते कार्ड काढून फोटो साठवायला वापरतात. ते जागेवरच राहू द्या.

म्हणून मोजताना आणि बॅटरी बदलतानाही पुरवठा तुटू द्यायचा नाही. बॅटरी बदलताना दुसरी १२ व्होल्टची बॅटरी जम्पर केबलने गाडीच्या तारांना समांतर लावून ठेवा. प्लसचा क्लॅम्प मोकळा झाल्यावरही त्यात वीज असते, तेव्हा त्यावर रबरी हातमोजा किंवा जाड कापड गुंडाळा. तो बॉनेटच्या पत्र्याला लागता कामा नये. पुरवठा तुटलाच, तर खिडक्यांचं एका स्पर्शात वर जाणं बंद होतं. त्याला दुरुस्ती लागत नाही: काच पूर्ण वर नेऊन बटण आणखी क्षणभर वर ओढून धरलं की पुन्हा जुळतं. हे प्रत्येक खिडकीला करावं लागतं.

मोजणी

बॉनेट उघडा. फ्यूजचा एक डबा तिथे असतो, दुसरा आत डॅशखाली. दोन्ही गाठता यायला हवेत, म्हणून ड्रायव्हरचं दार उघडं ठेवा आणि दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने ढकलून बंद स्थितीत बसवा. गाडीला वाटतं दार लागलं. काम संपल्यावर दार लावण्याआधी बाहेरचं हँडल ओढून ती जीभ आठवणीने मोकळी करा, नाहीतर दार आपटून कुलूप वाकेल. काही गाड्यांत दार उघडं असल्याची खूण चौकटीतल्या बटणावरून घेतात. तसं असेल तर ते बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा.

चावी घरात नेऊन ठेवा. स्मार्ट की जवळ असली की गाडी तिच्याशी बोलत राहते आणि नीट झोपत नाही. एरवीसुद्धा चावीचा खिळा गॅरेजच्या भिंतीवर, गाडीपासून हातभर अंतरावर असेल तर तो हलवा. निदान दोन मीटर, शक्य तर त्याहून जास्त अंतर ठेवा.

आता किमान अर्धा तास, बरं तर पाऊण तास, गाडीला हात लावू नका. बंद केल्यावर गाडीतले कॉम्प्युटर एकामागून एक झोपतात. पहिल्या मिनिटाला दोन-तीन अँपिअर दिसणं स्वाभाविक आहे. घाईने तिथेच आकडा वाचून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

एकूण करंट मोजायचा सोपा मार्ग म्हणजे डीसी मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर मायनसच्या केबलभोवती लावणं. साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात. घेताना बघून घ्या. तो नसेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या छिद्रात लावा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं मायनस केबलच्या क्लॅम्पला टेकवा, आणि दोन्ही टेकलेली असतानाच क्लॅम्प खांबावरून वर उचला. पुरवठा मीटरमधून चालू राहतो, नेव्हिगेशनला काही कळत नाही. परत बसवताना उलट क्रम: आधी क्लॅम्प खांबावर, मग टोकं काढा. मीटर मध्ये असताना स्टार्टचं बटण कुणीही दाबायचं नाही, मीटरचा फ्यूज जातो.

माझ्या गाडीत पाऊण तासानंतरही आकडा ०.४३ वर अडला होता.

यापुढे बहुतेक लोक एकेक फ्यूज उपटत जातात. ते करू नका. फ्यूज परत घातला की त्या सर्किटवरचा कॉम्प्युटर जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास थांबणं आलं. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि दोन्ही टोकांवर पिना टेकवा. फ्यूजलाही थोडा रोध असतो, त्यामुळे करंट वाहत असेल तरच तिथे व्होल्टेज दिसतं. मिनी आकाराच्या १० अँपिअर फ्यूजचा रोध साडेसात मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणजे १ मिलिव्होल्टला साधारण १३० मिलिअँपिअर. ५ अँपिअरच्या फ्यूजला तोच १ मिलिव्होल्ट साधारण ५५ ते ६० मिलिअँपिअर सांगतो. ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा मीटर हवा. स्वस्तातल्या मीटरांतही ही रेंज मिळते. ज्या फ्यूजवर शून्य, तो सोडून पुढे. दोन्ही डबे पंधरा-वीस मिनिटांत होतात आणि गाडी झोपलेलीच राहते.

टोयोटाच्या डब्यांत डोम (आतले दिवे), ईसीयू-बी (कॉम्प्युटरचा कायमचा पुरवठा) अशी नावं असतात. या फ्यूजना वीज कायम असते, म्हणून त्यांच्यावर थोडंसं व्होल्टेज दिसणारच. मार्क एक्स ही जपानी बाजारातली गाडी, २००९ ते २०१९ अशी दुसरी पिढी चालली, आणि तिचं मॅन्युअल जपानीतच आहे. फ्यूजच्या पानाचा फोटो काढून फोनवर भाषांतर केलं तर काम भागतं. पार्ट मागवताना कागदावरचा ७ए८ने सुरू होणारा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) सांगू नका, तो न्यूझीलंडमध्ये दिलेला असतो. जपानी कॅटलॉगमध्ये जीआरएक्स१३०ने सुरू होणारा फ्रेम क्रमांकच चालतो.

माझ्या गाडीत डॅशखालच्या डब्यात एका फ्यूज टॅपवर (फ्यूजच्या जागी घालून जादा तार काढायची जोडणी) ६ मिलिव्होल्ट दिसले. टॅपमध्ये ५ अँपिअरचा फ्यूज होता, म्हणजे साधारण ३५० मिलिअँपिअर एकट्या तिथून. त्या टॅपची तार खांबाच्या प्लॅस्टिकमागून वर चढत डॅशकॅमकडे जात होती. डॅशकॅमच्या हार्डवायर किटला तीन तारा असतात: काळी अर्थला, पिवळी कायम विजेला, लाल एसीसीला, म्हणजे गाडी चालू केल्यावरच वीज येणाऱ्या जागी. गाडी बंद झाली हे कॅमेऱ्याला लाल तारेवरून कळतं. बसवणाऱ्याने लाल आणि पिवळी एकत्र पिळून दोन्ही कायमच्या फ्यूजवर दिल्या होत्या, वर काळी चिकटपट्टी. कॅमेऱ्याच्या लेखी गाडी चोवीस तास चालूच. मागची-पुढची दोन्ही चित्रं तो रात्रभर टिपत होता.

बाकीच्या ८० मिलिअँपिअरपैकी बराचसा भाग रेडिओच्या फ्यूजवर सापडला. जपानमध्ये एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतं आणि जुने रेडिओ ९० पर्यंतच जातात. इथली स्टेशनं ८८ ते १०८ मध्ये. म्हणून एरियलच्या तारेत बँड एक्स्पांडरची डबी घालतात, ती इथली स्टेशनं खाली सरकवून जपानी रेडिओच्या टप्प्यात आणते. तिला १२ व्होल्ट लागतात आणि ते एसीसीवरून द्यायचे असतात. युनिट बाहेर ओढल्यावर दिसलं की डबीची तार निळ्या-पिवळ्या तारेला टोचणाऱ्या क्लिपने जोडली होती. टोयोटाच्या दहा पिनांच्या जोडणीत निळी-पिवळी म्हणजे कायम वीज, राखाडी म्हणजे एसीसी, तपकिरी अर्थ, हिरवी दिव्यांची. रंगावर विसंबू नका, मीटरने तपासून घ्या. डबीची तार राखाडीवर घेतली आणि कॅमेऱ्याची लाल तार एसीसीच्या फ्यूजवर नेली. पुन्हा पाऊण तास थांबून मोजलं: ०.०३.

डॅश उघडताना पिवळे जोड किंवा पिवळ्या आवरणातल्या तारा दिसल्या तर त्यांना मीटर लावू नका, त्या एअरबॅगच्या आहेत.

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. अँड्रॉइडचा पडदा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये गाडी बंद झाल्यावर झोपायचं की पूर्ण बंद व्हायचं हा पर्याय शोधा. झोपलेला पडदा दोन सेकंदांत जागा होतो म्हणून लोकांना आवडतो, पण त्याची किंमत बॅटरी चुकवते. गाडी रोज चालत नसेल तर पूर्ण बंद ठेवा. त्याच्या मागेही लाल-पिवळी एकत्र पिळलेली आहे का बघा, ही सवय बसवणाऱ्यांत फार आहे. अँप्लिफायर असेल तर त्याला चालू-बंद करणाऱ्या निळ्या-पांढऱ्या रिमोट तारेवर गाडी बंद असताना शून्य व्होल्ट हवेत. डिकीतला दिवा विझतो का ते बघायला फोन व्हिडिओवर लावून डिकीत ठेवा आणि झाकण बंद करा. ग्लोव्ह बॉक्सलाही तसंच.

ईटीसी युनिट बहुधा गुन्हेगार नसतं, पण त्याचा इथे उपयोगही शून्य. दर वेळी गाडी चालू केली की बाईच्या आवाजात कार्ड नसल्याची सूचना देत राहतं. त्याचा जोड काढून तारेचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं की गाडीत शांतता. टीव्हीचा ट्यूनर मात्र मुख्य युनिटमध्येच असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कॅमेरा पार्किंगमध्येही चालू हवा असेल, तर किटवर किती व्होल्टला बंद व्हायचं ते ठरवता येतं. ११.८ वर ठेवलेलं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय. तिथे पोचेपर्यंत बॅटरी जवळपास रिकामी झालेली असते. १२.२ च्या खाली ठेवू नका, हिवाळ्यात १२.४. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिन तेल दाट झाल्याने स्टार्टरला जास्त लागतं, त्यामुळे जुलैतल्या सकाळी हा फरक जाणवतो.

नवी बॅटरी घ्यावीच लागली तर जपानी क्रमांक नीट जुळवा. ५५डी२३एल मध्ये ५५ हा ताकदीचा दर्जा, डी हा रुंदी-उंचीचा गट, २३ म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी, आणि एल म्हणजे प्लस कुठल्या बाजूला. ताकदीचा आकडा मोठा चालेल. डी, २३ आणि एल बदलायचे नाहीत. एलऐवजी आर आणली तर केबल पोचत नाही, आणि ताणून पोचवण्याच्या नादात उलट जोडली तर मोठे फ्यूज उडतात.

हे सगळं करूनही एकूण आकडा मोठा दिसतोय आणि एकाही छोट्या फ्यूजवर काही सापडत नाही, तर अल्टरनेटरवर संशय घ्या. त्याची जाड तार छोट्या फ्यूजमधून जात नाही, आणि आतला डायोड गेला तर बंद गाडीतही करंट उलटा वाहतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. ०.१ च्या बरंच वर दिसलं तर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या. त्याच्यापुढे "बॅटरी उतरते" एवढंच बोलू नका; झोपलेल्या गाडीचा एकूण करंट, कोणत्या फ्यूजवर किती मिलिव्होल्ट आणि हा एसीचा आकडा, तिन्ही कागदावर लिहून द्या. तासाला पैसे घेणारा माणूस मग थेट अल्टरनेटरपासून सुरुवात करतो.